सूरजला लिहिता यावं म्हणून

ओतूर, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८२८

रा. रा. सावळेराम मास्तर, मुक्काम जुन्नर, यांस सुवालालचा जयजिनेंद्र.

जुन्नरच्या शाळेत आपण एका सतरंजीवर बसलो त्याला तीस वर्षं झाली. तुम्ही मास्तर झालात, मी वडिलांच्या दुकानात बसलो. बाजाराला आलो की तुमची गाठ पडते, पण निवांत बोलणं होत नाही, म्हणून हे पत्र.

आज आमची ज्ञानपंचमी. पोथ्या, दौत, लेखणी पाटावर मांडून पूजा केली. पूजा यंदा झोपडीतच झाली. गावात दसऱ्यापासून प्लेगानं उंदीर पडताहेत, अर्धं गाव मांडवीच्या काठी माळावर राहायला आलं आहे. शाळेला कुलूप आहे. चिरंजीव रमणलाल आठ वर्षांचा, तो पाढे विसरत चालला. त्याच्यासाठी घरी राहून शिकवील असा चांगला मास्तर एक वर्षापुरता पाहून द्यावा. राहणं, जेवण आमच्याकडे. बाकी तुम्ही ठरवाल ते मान्य आहे. मुलगी सूरज दहा वर्षांची आहे, तीही बाजूला बसेल. बसली तर बसली.

तेवढं काम मनावर घ्या.

आपला,
सुवालाल

---

जुन्नर, कार्तिक वद्य द्वितीया

सुवालालशेट यांस सावळेरामचा रामराम.

पत्र पोचलं. तुम्ही सगळे माळावर सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. इकडे माळी आळीत चार घरं रिकामी झाली.

शेट, मी बावीस वर्षं पोरं शिकवतो. पोट दुखतं म्हणून सांगणारा पोरगा खरं बोलतोय की खोटं, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. तुमचं पत्र तसं उभं आहे. ओतूरची शाळा थंडी सरता सरता उघडेल. आठ वर्षांच्या पोराचे दोन महिन्यांचे पाढे बुडाले तर ते पंधरा दिवसांत भरून निघतात. त्यासाठी वर्षभर घरी मास्तर कोण ठेवतो? आणि 'बसली तर बसली' हे वाक्य तुम्ही आधी दुसरंच काही लिहून, खोडून, मग लिहिलं आहे. खोडलेलं उजेडात धरलं की दिसतं.

काय ते मोकळेपणानं कळवा. म्हणजे माणूस शोधायला सोपं जाईल.

सावळेराम

---

ओतूर, कार्तिक वद्य नवमी

मास्तर, तुमच्यापुढं मी तेव्हाही खोटं बोलू शकत नव्हतो.

शिकवणी सूरजसाठीच हवी आहे. कारण सांगतो. माझी थोरली, सुमती, तुम्हाला आठवत असेल. तिच्या लग्नाला तुम्ही आला होता. आंबेगावला दिली. डोंगरातलं गाव, पण घर मोठं, हिरड्याचा आणि तांदळाचा व्यापार. चार वर्षं ती तिथं होती. दर महिन्याला पत्र यायचं, त्यांच्या मुनिमाच्या हातचं. 'सौ. सुमतीबाई खुशाल आहेत, काळजी नसावी.' एवढंच. पावसाळ्यात घोडनदी गाडीला उतार देत नाही, आणि आमच्यात मुलीच्या घरी बाप उठसूट जात नाही. आम्ही त्या पत्रांवर राहिलो. गेल्या श्रावणात शेवटचं पत्र आलं, तेही त्याच मुनिमाच्या हातचं, त्याच वळणाचं. तापानं गेली म्हणून.

तिची आई, उगमबाई, त्या दिवसापासून नीट जेवत नाही. ती म्हणते, "माझ्या पोरीला दोन अक्षरं आली असती तर तिनं मला काहीतरी लिहिलं असतं. मला नुसतं कळलं तरी असतं." तिनं माझ्याकडून वचन घेतलं की सूरजला स्वतःच्या हातानं पत्र लिहिता आल्याशिवाय सासरी पाठवायची नाही.

मुलीसाठी शिकवणी लावतो म्हटलं तर आमची माणसं हसतील, म्हणून रमणलालचं नाव पुढं केलं. आता तुम्हाला सगळं कळलं.

सुवालाल

---

जुन्नर, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

शेट यांस रामराम.

उत्तराला महिना लागला. माणूस मिळेना.

नारायणगावच्या एका मास्तरांना विचारलं. मुलीला शिकवायचं आहे म्हटल्यावर त्यांनी पानाचा डबा पुढं केला आणि विषय बदलला. पुण्याहून नुकताच शिकून आलेला एक तरुण तयार झाला, पण तुमच्या घरातून निरोप आला की तरणा माणूस दहा वर्षांच्या मुलीपुढं बसलेला चालणार नाही. वारूळवाडीचे एक म्हातारे गुरुजी आनंदानं हो म्हणाले. सामान बांधून ठेवलं होतं त्यांनी. पाचव्या दिवशी काखेत गाठ आली, सातव्या दिवशी गेले. त्यांचं गाठोडं मी पाहिलं, त्यात दोन कोऱ्या पाट्या होत्या.

आता एकच नाव उरलं. माझी बहीण चिमा. विसाव्या वर्षी कपाळ मोकळं झालं, तेव्हापासून माझ्याकडे असते. मीच तिला शिकवलं. आमच्या शाळेतल्या दोन मास्तरांपेक्षा तिचं शुद्धलेखन बरं आहे. तिच्याजवळ कुठल्या परीक्षेचा दाखला नाही. विधवा बाई घरात शिकवायला ठेवणं तुम्हाला चालत असेल तर तिला पाठवतो. तिची स्वतःची यायची इच्छा आहे. सुमतीची हकीकत तिला वाचून दाखवली आणि तिनं दुसऱ्याच दिवशी लुगडी धुवायला काढली.

सावळेराम

---

ओतूर, पौष वद्य षष्ठी

ती. दादांस चिमाचा साष्टांग नमस्कार.

मी इथं नीट आहे. झोपडीत एका बाजूला माझी वळकटी, मधे पडदा. उगमबाई मला स्वतःच्या ताटाआधी वाढतात. रमणलाल गोड पोरगा आहे, पण ढुंगण टेकलं की त्याला माळावरची पाखरं दिसतात.

सूरजचं काय सांगू? तीन आठवड्यांत बाराखडी झाली. पाटी पुसायला तिला जिवावर येतं. काल मी म्हटलं, "पूस की गं," तर म्हणाली, "बाई, हे पुसलं तर परत आठवंल का?" म्हटलं, "तेवढ्यासाठीच पुसायचं." मग पुसली. पुन्हा तेच्या तेच लिहिलं आणि माझ्याकडं अशी बघून हसली की मला माझं लहानपण आठवलं, तुम्ही ओट्यावर मला शिकवत होता ते.

आता जे लिहिते ते मन घट्ट करून वाचा. परवा उगमबाई भाकरी थापताना एकदम रडायला लागल्या. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमास्नी शेटनी सांगितलं न्हाई व्हय? सूरजला तिथंच द्यायचीय. त्याच घरात. सुमतीच्याच नवऱ्याला."

दादा, सुमतीच्या बाराव्याला पंच जमले होते. तिकडच्यांनी म्हटलं, मुलगी गेली, घर मोडलं, धाकटी द्या म्हणजे सोयरीक टिकेल. जावई एकोणतीस वर्षांचा आहे. शेटनी सगळ्यांसमोर शब्द दिला. उगमबाई आत होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही. नंतर त्यांनी धरलेला हट्ट एवढाच, की पोर लिहायला शिकून जाऊ दे.

मी ज्या पोरीला शिकवते आहे ती कुठं जायची आहे हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं ते बरं झालं. आता तिला 'घर' हा शब्द पाटीवर घालून द्यायला माझा हात उचलत नाही.

चिमा

---

जुन्नर, पौष वद्य दशमी

सुवालाल,

आज मी तुला शेट म्हणणार नाही. शाळेत म्हणत होतो तसं म्हणतो.

चिमाचं पत्र आलं. तू मला अर्धंच सांगितलंस. ज्या घरातून तुझी एक पोर परत आली नाही, ती कशानं गेली हे तुला अजून माहीत नाही, त्याच घरात तू दुसरी पाठवतोस? आणि बरोबर शिदोरी म्हणून बाराखडी देतोस?

तुला मास्तर नको होता, सुवालाल. तुला 'नाही' एवढा एक शब्द पंचांसमोर म्हणायचा होता. तो तुला कोणी शिकवणी लावून शिकवू शकत नाही. पण अजून वेळ गेलेली नाही. लग्न लागलेलं नाही. मी तुझ्याबरोबर येतो. पंचांपुढं मी बोलतो. माझं कोण ऐकणार म्हणशील, नाही ऐकलं तर नाही, पण तुझ्या शेजारी उभा तरी राहीन.

सावळेराम

---

ओतूर, माघ शुद्ध तृतीया

मास्तर,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. रागावलो नाही.

तुम्ही म्हणता तो शब्द सोपा आहे असं तुम्हाला वाटतं, कारण तो तुम्हाला म्हणायचा नाही. आम्ही इथं पंधरा घरं. सुतक, लग्न, मरण, सगळं त्या पंधरा घरांत. माझ्या वडिलांना मारवाडातून येऊन इथं पाय रोवायला उभा जन्म गेला. मी शब्द मोडला तर उद्या माझ्या रमणलालला मुलगी कोण देईल? माझ्या तिरडीला खांदा कोण देईल?

आणि तापानं माणूस जातंच. इथं माळावर रोज जात आहेत. त्यांनी मुद्दाम काही केलं असं कशावरून? मी तरी तसं मानत नाही. ती माणसं कडक आहेत, वाईट नाहीत.

सूरजचं वेगळं आहे. तिच्या हातात लेखणी आहे. काही कमीजास्त झालं तर ती लिहील आणि मी त्याच दिवशी गाडी जुंपीन. हे मी तुम्हाला लिहून देतो. मुहूर्त फाल्गुनात निघाला आहे. तिची सासू म्हणते, घरात बाई नाही, मुलगी लगेच न्यायची. चिमाबाईंना म्हणावं, आता पाढे, कविता राहू द्या. नुसतं पत्रलेखन घ्या.

तुम्ही लग्नाला यावं असं मी म्हणू शकत नाही.

सुवालाल

---

ओतूर, चैत्र शुद्ध अष्टमी, शके १८२९

ती. दादांस चिमाचा नमस्कार.

सूरज गेली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उगमबाई उभ्या होत्या, मग तिथंच मातीत बसल्या.

शेवटचे पंधरा दिवस आम्ही पत्रं लिहिली. मी सांगायची, "समज, तुझं डोकं दुखतंय, आईला लिही." ती लिहायची. "समज, तुला करमत नाही." लिहायची. एकदा मी धीर करून म्हटलं, "समज, तुला कोणी मारलं." तिनं लेखणी खाली ठेवली. म्हणाली, "बाई, ताईला मारत व्हते का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही बाळा." मग तिनं लेखणी उचलली आणि लिहिलं, 'बापूजी मला न्यायला या.' एकही चूक नव्हती. काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी. मी शाबास म्हटलं. दादा, त्या वाक्याला मी शाबास म्हटलं.

मी तिच्या पेटीत कागद आणि पेन्सिलीचे दोन तुकडे ठेवले आहेत, चोळ्यांच्या घडीत.

शाळा उघडली. रमणलाल आता तिथं जाईल. शेट म्हणाले, "बाई, तुमचे उपकार झाले." म्हणजे मी निघावं. मंगळवारच्या गाडीनं येते. भाजी आणून ठेवू नका, मीच आणीन.

चिमा

---

ओतूर, आषाढ शुद्ध एकादशी

सावळेराम मास्तर यांस जयजिनेंद्र.

तुम्ही पाच महिने मला पत्र लिहिलं नाहीत. तुमचा राग मला समजतो. पण आज राहवलं नाही म्हणून लिहितो, कारण आनंदाची बातमी आहे. सूरजचं टपालानं पत्र आलं. मुनिमाच्या हातचं नाही, तिच्या स्वतःच्या हातचं. चिमाबाईंनी घोटून दिलेलं अक्षर, तो 'श' मी लांबून ओळखला. लिहिते: 'मी खुशाल आहे. सासूबाई माया करतात. काळजी नसावी. आईस नमस्कार.'

उगमबाईला तीनदा वाचून दाखवलं. तिनं कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि चुलीपुढं जाऊन डोळे पुसत बसली. बायकांना आनंदही रडूनच होतो.

चिमाबाईंना सांगा, त्यांच्या कष्टाचं चीज झालं. आता पाऊस लागला, घोडनदी चढली, चार महिने तिकडं जाणं नाही. पण मन स्वस्थ आहे.

सुवालाल

---

जुन्नर, आश्विन शुद्ध द्वादशी

शेट,

तुमच्या आषाढातल्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण ते चिमाला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हे तिनं लिहिलंय, पण हे तिचं बोलणं नव्हे. ती सासूबाई म्हणेल, पण माया करतात असं कधी म्हणणार नाही, तिला असलं बोलता येत नाही." मी तिला गप्प केलं. म्हटलं, तू उगाच मनात आणतेस. ते चुकलं का, असं आता वाटतं.

काल बाजारात आंबेगावच्या वरच्या डोंगरातली एक बाई, कोंडाबाई, चिमाला शोधत आली. हिरडा घेऊन ती तुमच्या व्याह्यांच्या दुकानी घालायला जाते. लोकांना विचारत होती, "त्या वाण्याच्या पोरीला शिकवणारी बाई कुठं राहती?" भेटल्यावर तिचं पहिलं वाक्य असं: "त्या पोरीच्या बापाला चिठ्ठी वाचता येत न्हाई का?"

चिमानं बसवून विचारलं. ती म्हणाली, "पावसाच्या आदी, ज्येष्ठात, हिरडा मोजताना पोरीनं माझ्या वटीत कागूद कोंबला. म्हणली, मावशे, ओतूरच्या माझ्या बापाचा गाडीवान बाजारात असतो, सयाजी, त्याला दे. मी हितंच, ह्या बाजारात, त्याच्या हातात दिला. पोरगी दर खेपेला मला विचारायची, दिला का, दिला का. दिला म्हणलं. पाऊस गेला, पर कुणी आलं न्हाई. आता ती इचारीत बी न्हाई. लई वाळलीय वो."

शेट, तुमच्या सयाजीनं ते पत्र हरवलं असणार, नाहीतर भिजवलं. त्याला बोलवून विचारा, पण रागावण्यात वेळ घालवू नका. पत्रात काय होतं कोणास ठाऊक. तुम्ही लगेच निघा. नदीला आता उतार आहे. जाताना जुन्नरवरून या, मी बरोबर येतो.

सावळेराम

---

ओतूर, आश्विन वद्य दशमी

मास्तर,

मी जाऊन आलो. जुन्नरवरून गेलो, पण तुमच्या घराकडं गाडी वळवली नाही. तुमच्या शेजारी बसून जायचं तोंड नव्हतं.

सयाजीला दोष देऊ नका. त्यानं ते पत्र हरवलं नाही. त्याच दिवशी, गाडी सोडायच्या आधी, त्यानं ते माझ्या हातात दिलं. ज्येष्ठ वद्य पंचमीला. कोरडं, चार घड्यांचं. ते मी आजपर्यंत कोणाला दाखवलं नाही, उगमबाईलाही नाही. तुम्हाला उतरून पाठवतो:

'बापूजी, मला न्यायला या. ताईला ताप नव्हता. तिला आतल्या खोलीत कोंडत होते. मलाही कोंडतात. एकदाच जेवायला देतात. हे मी लिहिलं आहे, कोणी सांगितलेलं नाही. पाऊस लागेल. लवकर या. सूरज.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मास्तर, मी तुम्हाला लिहून दिलं होतं की त्याच दिवशी गाडी जुंपीन. बैल दारात होते. नदीला पाणी नव्हतं. मी ओट्यावर बसलो आणि मनाशी म्हणालो, लहान आहे, करमत नसेल, पोरी आरंभी असं लिहितात. म्हणालो, आता आणली तर पंचांपुढं काय सांगू? आठ दिवसांनी बघू म्हणालो. आठ दिवसांत पाऊस लागला, आणि मला हायसं वाटलं. हे मी देवापुढंही बोललो नव्हतो, तुमच्यापुढं लिहितो. मला हायसं वाटलं.

मग आषाढात ते दुसरं पत्र आलं. ते कोणी उभं राहून लिहवून घेतलं हे मला चिमाबाईंच्या आधी कळलं होतं. तरी मी तुम्हाला आनंदानं कळवलं. कोणाला तरी कळवलं की ते खरं होईल असं वाटलं.

आंबेगावला पोचलो तेव्हा दिवस बराच वर आला होता. भातं पिवळी झाली आहेत. मुलीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही म्हणून शेजारी पाणी प्यालो आणि व्याह्यांच्या ओट्यावर बसलो. जावई बसले होते. मी म्हटलं, "दिवाळीला चार दिवस नेतो." ते शांतपणे म्हणाले, "न्यायची तर कायमची न्या. पंच बोलवा, कारण सांगा, आणि न्या." मी पंच बोलवले नाहीत. तिथं, त्या ओट्यावर, पुन्हा एकदा बोलवले नाहीत.

मग तिला बाहेर बोलावलं. डोक्यावरून पदर ओढून आली. मनगटं एवढी बारीक झाली आहेत की बांगड्या गळू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळला आहे. सासू उंबऱ्यात उभी होती, ती कशाला तरी आत गेली. तेवढा वेळ आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "सूरज, बाळा, तुझं पत्र मला मिळालं होतं." तिनं मान हलवली. तिला ते माहीत होतं. कोंडाबाईनं दिला म्हणून सांगितल्या दिवसापासून माहीत होतं.

ती रडली नाही. रडली असती तर मी कदाचित तिला उचलून गाडीत घातली असती, असं मी वाटेनं येताना स्वतःला सांगत होतो. खरं की खोटं, मला माहीत नाही.

मी खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली. म्हटलं, "तुझ्या आईला दोन ओळी लिहून दे. तुझ्या मनातलं लिही. मी कोणाला दाखवत नाही. या वेळी मी..."

तिनं पेन्सिल हातात घेतली, बोटांत धरली, चिमाबाईंनी धरायला शिकवली तशीच. कागदाकडं बघत राहिली. मग ती पेन्सिल तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटली.

"मला लिहिता येत न्हाई, बापूजी," ती म्हणाली, आणि आत गेली.

सुवालाल